ॲव्होकाडो: पाकिटातल्या फोडी की घरी चिरलेलं फळ?

आमच्याकडे दोन्ही प्रकार वापरून झालेत, त्यामुळे थोडं अधिकारानं बोलतो. तुमच्या घरची गत वेगळी असू शकेल.

आधी गोठवलेल्या फोडींच्या पाकिटाची बाजू. ॲव्होकाडो झाडावर पिकत नाही, काढल्यावर पिकतो. त्यामुळे बाजारातून आणतो तो दगड. रविवारच्या बेतासाठी आणलेला बुधवारी पिकतो आणि दोन दिवस विसरलात तर आत काळ्या शिरा. हास जातीचं फळ पिकताना काळपट तरी पडतं. दक्षिणेतून येणारं मोठं हिरवं बरेचदा पिकूनही हिरवंच, म्हणजे देठाजवळ दाबून बघणं आलं. पाकिटात ही कटकट नाही. हव्या तेवढ्या फोडी काढा, बाकीच्या परत फ्रीजरमध्ये.

पराठ्याची कणीक भिजवायला किंवा मिक्सरमधून चटणी काढायला मला तरी फरक कळला नाही. गर कणकेत गेला की मोहन घालावं लागत नाही, हा वरचा फायदा.

माझं गाडं अडलं ते भडंगापाशी. कांदा, कोथिंबीर आणि वरून ॲव्होकाडोच्या फोडी, असं भडंग आम्ही करतो. (नाकं मुरडणाऱ्यांनी आधी खाऊन बघावं, मग मुरडावीत.) फोडी गोठताना आत बर्फाचे स्फटिक होतात, ते गराच्या पेशी फाडतात, म्हणून वितळल्यावर पाणी सुटतं. मी गाळणीत निथळून पाहिल्या, स्वच्छ पंचावर पसरून पाहिल्या. वरून कोरड्या दिसायच्या. चमचा फिरवला की कोपरे गळायचे आणि भडंग पाच मिनिटांत सादळायचं. एकदा पाहुण्यांपुढे तसंच गेलं. कुणी काही बोललं नाही, पण दुसऱ्यांदा कुणी घेतलंही नाही. सांगलीत याहून स्पष्ट कुणी काय सांगणार!

कोशिंबिरीतही तेच, फक्त दही ते झाकून घेतं. शिवाय फोडी काळ्या पडू नयेत म्हणून बऱ्याच पाकिटांत आंबट काहीतरी घातलेलं असतं, तेव्हा लिंबू पिळताना हात आखडता घ्यावा. गरम पदार्थात म्हणाल तर दोन्हींना एकच नियम: गॅस बंद केल्यावर घाला. जास्त वेळ शिजलं की कडवटपणा येतो.

ताज्या फळाची वेळ साधायला आता आंब्याचीच युक्ती करतो. तांदळाच्या डब्यात पुरून ठेवतो, सोबत एक पिकलेलं केळं. दर वेळी जमतं असं नाही. पण किंचित कडक असताना चिरलं की फोड फोडीसारखी राहते, आणि लिंबू चोळलं तर जेवणं होईपर्यंत रंगही टिकतो.

पाकीट फ्रीजरमध्ये अजून आहे, पराठ्यांसाठी. पाहुणे यायचे असतील तर मात्र चार दिवस आधी फळं आणा, आणि एक लागत असेल तर दोन आणा.