लिनक्सचा टक्का किती? स्टॅटकाउंटर, क्लाउडफ्लेअर रडार की आपलाच लॉग

तुमचं डेस्कटॉप सॉफ्टवेअर विंडोजवर चाललंय आणि आता लिनक्सची आवृत्ती काढायची की नाही, हे ठरवायचंय. आकडा शोधायला बसलात की सगळ्यात आधी स्टॅटकाउंटर सापडतो, म्हणजे बऱ्याच साइटींवरची रहदारी मोजून कोणती सिस्टिम, कोणता ब्राउझर किती चालतो ते सांगणारी सेवा. 2024 च्या सुरुवातीला त्याच्या भारताच्या आलेखात डेस्कटॉप लिनक्स 15 टक्क्यांच्या आसपास होतं आणि जगाच्या आलेखात 4 टक्क्यांच्या. 15 टक्के बघून हुरळून जाण्याआधी विचारा, कशाचे 15 टक्के?

स्टॅटकाउंटर माणसं मोजत नाही, उघडलेली पानं मोजतो. दहा जणांचं ऑफिस घ्या. आठ जण विंडोजवर दिवसाला 5-5 पानं उघडतात, दोघं लिनक्सवर 30-30. पानं झाली 40 आणि 60. म्हणजे माणसं 20 टक्के, पण वाटा 60 टक्के! दुकानातला बिलिंगचा पीसी दिवसभर चालू असतो, पण वेबवर कधीमधी जातो. असे पीसी या हिशेबात जवळजवळ दिसतच नाहीत. नेटमार्केटशेअर ही अशीच दुसरी सेवा, तो उलट रोजचे वेगवेगळे पाहुणे मोजायचा आणि देशांच्या इंटरनेट लोकसंख्येप्रमाणे वजन द्यायचा. त्यामुळेच मे 2012 मध्ये स्टॅटकाउंटरच्या हिशेबात ब्राउझरांत क्रोम पहिला होता, तर नेटमार्केटशेअरच्या हिशेबात इंटरनेट एक्सप्लोरर निम्म्याहून वर. दोघंही आपापल्या जागी बरोबर. नेटमार्केटशेअर 2020 मध्ये थांबला.

स्टॅटकाउंटरची मोजणी साइटवर टाकलेल्या कोडातून होते. जाहिरात-ट्रॅकर अडवणारं एक्स्टेंशन तो कोड चालूच देत नाही, आणि अशी एक्स्टेंशन वापरण्याची हौस लिनक्सवाल्यांत जास्त. इथे लिनक्स कमी दिसतं. शिवाय ‘अननोन’ नावाचा, म्हणजे सिस्टिम ओळखताच न आलेल्यांचा रकाना असतो, तो वगळून बोलू नका. समजा लिनक्स 4 आणि अननोन 8 असेल, तर खरा वाटा 4 ते 12 मध्ये कुठेही असू शकतो. अननोन सगळ्यांत प्रमाणात वाटला तर 4 भागिले 92, म्हणजे 4.35 येतो, पण अननोन तसाच वाटलेला असतो हे गृहीतक झालं. एखाद्या महिन्यात आकडा अचानक उसळला तर आधी मोजणीवर संशय घ्या. सप्टेंबर 2025 मध्ये विंडोज 7 चा वाटा याच आलेखात 9 टक्क्यांच्या वर गेला होता. तेवढ्या लोकांनी महिनाभरात जुनी विंडोज परत टाकली, हे कोणालाच पटणार नाही.

क्लाउडफ्लेअर ही कंपनी असंख्य साइटींची रहदारी आपल्या सर्व्हरमधून पुढे पाठवते, आणि तिचा खुला आकडेफलक म्हणजे रडार. तो सर्व्हरच्या बाजूने मोजतो, म्हणून एक्स्टेंशनने फारसा फरक पडत नाही. देश निवडता येतो, बॉट (माणसाऐवजी साइटवर येणारे प्रोग्राम) वेगळे काढता येतात. पण तो विनंत्या मोजतो, आणि एका पानामागे चित्रं, फॉन्ट, स्क्रिप्ट मिळून डझनावारी विनंत्या जातात. बॉटची चाळणी लावायला विसरलात तर लिनक्स फुगतं, कारण स्क्रेपर, म्हणजे साइटींवरची माहिती उचलणारे बॉट, बहुतेक लिनक्स सर्व्हरवरच चालतात. अमेरिकन सरकारी साइटांची आकडेवारी खुली आणि भेटींवर आधारलेली आहे. भारतातल्या निर्णयाला मात्र निरुपयोगी.

राहिला आपला लॉग, म्हणजे आपल्याच साइटवर कोण आलं याची सर्व्हरवरची नोंद. कष्टाचा, पण ग्राहक आपले. यूजर एजंट (ब्राउझर स्वतःची आणि सिस्टिमची ओळख सांगतो ती ओळ) वाचताना क्रम चुकला की सगळं बिघडतं: आधी बॉट काढा, मग ‘अँड्रॉइड’ शोधा, मग क्रोमबुकचा ‘सीआरओएस’, आणि शेवटी ‘लिनक्स’. अँड्रॉइडच्या ओळीतही ‘लिनक्स’ असतं. तरी एक गळती राहते: फोनवरच्या क्रोममध्ये ‘डेस्कटॉप साइट’ निवडली की फोन स्वतःला सरळ लिनक्स पीसी म्हणवतो. आयपॅडही 2019 पासून सफारीत मॅक म्हणून येतो. दोन्ही ठिकाणी पडदा एकाच वेळी किती बोटं ओळखतो हे पानावरच्या स्क्रिप्टने तपासा. डेस्कटॉप म्हणवणारं यंत्र पाच बोटं ओळखत असेल तर शंका घ्या. अर्थात टचस्क्रीन लॅपटॉपही असतात, त्यामुळे पडद्याची रुंदी सोबत बघा. विंडोज 10 आणि 11 यूजर एजंटात एकच, ‘एनटी 10.0’. वेगळे करायचे तर क्रोम-एजकडून क्लायंट हिंटमध्ये (साइटने मागितल्यावर ब्राउझर देतो ती जादा माहिती) प्लॅटफॉर्मची आवृत्ती मागवा. 13 किंवा पुढे आली तर विंडोज 11. फायरफॉक्स आणि सफारी ही हिंट पाठवतच नाहीत.

पाहुणे आयपीवरून, म्हणजे इंटरनेट जोडणीच्या पत्त्यावरून, मोजू नका. कॉलेजची अख्खी लॅब एका आयपीमागे असते, आणि लिनक्स सापडायचं तर अशाच ठिकाणी. कुकी (साइट ब्राउझरमध्ये ठेवते ती खूण) वापरा, आणि 28 दिवस मोजा, म्हणजे प्रत्येक वार चारदा येतो.

2000 डेस्कटॉप पाहुण्यांत 60 लिनक्सवाले निघाले तर 3 टक्के, पण 95 टक्के खात्रीचा पट्टा सव्वादोन ते पावणेचार. पट्टा निम्मा करायला पाहुणे चौपट, म्हणजे 8000 लागतात. बाहेरच्या आलेखाशी याची सरासरी काढू नका, पानं आणि माणसं यांची बेरीज होत नाही. त्यातून फक्त वाटा चढतोय की उतरतोय तेवढं घ्या. सव्वादोन टक्के धरूनही आवृत्तीचा खर्च निघत असेल तर काढा. पावणेचारातही निघत नसेल तर सोडा. मधे अडकलात तर आणखी 28 दिवस मोजा.