क्यूची वाचनखोली: नुसतं नाव नको, पलटणीचा नंबर घेऊन जा

दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढलेल्या मराठा पलटणींचा माग काढायचा असेल तर लंडनमधल्या क्यूच्या नॅशनल आर्काइव्हजला पर्याय नाही. मात्र पणजोबांचं नाव टाकलं की त्यांची फाइल निघेल, या आशेने गेलात तर निराशा पक्की. हिंदी जवानांची वैयक्तिक सेवापुस्तकं इथे नाहीत. इथे आहे ती पलटणीची रोजनिशी, म्हणजे वॉर डायरी. पलटण आणि महिना माहीत असेल तर ही खोली सोन्याची खाण आहे.

सोय उत्तम आहे. क्यू गार्डन्स स्टेशनपासून दहाएक मिनिटं चालत. प्रवेश आणि वाचक-कार्ड मोफत. कार्डासाठी आधी ऑनलाइन नोंदणी करायची, मग ओळखीचा एक आणि पत्त्याचा एक असे दोन वेगळे पुरावे दाखवायचे. झेरॉक्सच्या भरवशावर राहू नका, मूळ कागद न्या. रविवार-सोमवार बंद. विमानाचं तिकीट काढण्याआधी हे बघा.

पेन, खोडरबर, पाण्याची बाटली, बॅग सगळं लॉकरमध्ये जातं. आत फक्त पेन्सिल, लॅपटॉप, फोन, कॅमेरा, तेही पारदर्शक पिशवीतून. फ्लॅशशिवाय स्वतः फोटो काढायला पैसे पडत नाहीत, म्हणून तिथे वाचत बसू नका. पानं क्रमाने टिपा, वाचन घरी. प्रत्येक फाइलचा पहिला फोटो तिच्या वेष्टनावरच्या संदर्भ क्रमांकाचा असू द्या, नाहीतर चारशे फोटोंत कुठलं पान कुठलं, ते कळणार नाही.

कागद आधी मागवून ठेवणं शहाणपणाचं. त्याच दिवशी मागवलेला हाती यायला साधारण तासभर धरा. फसतात लोक ते दोन ठिकाणी. एक, ज्याची डिजिटल प्रत संकेतस्थळावर आहे त्याचं मूळ सहसा देत नाहीत. पहिल्या महायुद्धाच्या बऱ्याच डायऱ्या (मालिका डब्ल्यूओ ९५; डब्ल्यूओ म्हणजे वॉर ऑफिस, युद्धखातं) अशा आहेत, त्या घरीच बघा. दोन, स्पेलिंग. जुन्या इंग्रजीत मराठा लिहिताना मध्ये ‘एच’ आणि दोन ‘टी’ येतात (Mahratta). आजच्या स्पेलिंगने शोधलंत तर यादी रिकामी दिसेल आणि तुम्ही उगाच हळहळाल.

इटलीतल्या हिंदी पलटणींसाठी आणि मध्यपूर्वेसाठी डब्ल्यूओ १६९ (१७० ही इटलीतल्या ब्रिटिश तुकड्यांची), ब्रह्मदेशासाठी १७२. फाइली वर्षवार लावलेल्या आहेत. यशवंत घाडगे यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला ती लढाई १० जुलै १९४४ची, म्हणून ३/५ मराठाची, म्हणजे पाचव्या मराठा रेजिमेंटच्या तिसऱ्या पलटणीची, १९४४ची फाइल. नामदेव जाधवांची ९ एप्रिल १९४५ची, सेनिओ नदीवरची, म्हणून १/५ची १९४५ची. इंग्रजी कागदांत जाधवांचं आडनाव ‘जादव’ असंही भेटतं. शौर्यपदकांच्या शिफारशी डब्ल्यूओ ३७३मध्ये, त्याही ऑनलाइन.

डायरीच्या छापील फॉर्मवर जागा, तारीख, वेळ, घडामोड आणि परिशिष्ट असे रकाने असतात. लढाईच्या दिवशी नोंद बहुधा दोन-तीन ओळींची, कारण लिहिणाऱ्याला सवड नव्हती. खरा माल मागच्या परिशिष्टांत: हुकूम, गस्तीचे अहवाल, नकाशाचे ट्रेसिंग. ते सोडून उठू नका. जवान मात्र बहुतेक वेळा ‘आयओआर २ ठार’ एवढाच उरतो (आयओआर म्हणजे इंडियन अदर रँक्स, साधे हिंदी शिपाई). नावं अधिकाऱ्यांची, फार तर सुभेदार-जमादारांची. आणि ठिकाणं नकाशावरच्या चौकटींच्या आकड्यांत दिलेली असतात, त्या काळचा नकाशा हाताशी नसेल तर ती मुकीच राहतात.

पत्रं, आठवणींच्या ध्वनिफिती, छायाचित्रं हवी असतील तर लॅम्बेथच्या इम्पीरियल वॉर म्युझियमची संशोधन खोली. तिथे वेळ आधी ठरवून जावं लागतं. हिंदी सैन्यातल्या गोऱ्या अधिकाऱ्यांच्या फाइली ब्रिटिश लायब्ररीत. एका फेरीत हे सगळं उरकेल असं धरू नका. क्यूला किमान दोन पूर्ण दिवस द्या, मंगळवार आणि गुरुवार निवडले तर संध्याकाळी सातपर्यंत बसता येतं.