एसईओची मुलाखत: प्रश्नोत्तरं पाठ करायची की एक साइट तपासायची?

एसईओ म्हणजे साइट गूगलसारख्या सर्चमध्ये वर आणण्याचं काम. त्याच्या मुलाखतीसाठी तयार प्रश्नोत्तरांच्या यादीचा फायदा एवढाच की दोन-तीन संध्याकाळींत कॅनॉनिकल, साइटमॅप, बॅकलिंक हे शब्द तोंडात बसतात. पण याद्या शिळ्या होतात. पान क्लिकला किती पटकन प्रतिसाद देतं हे मोजणाऱ्या गूगलच्या मापांत एफआयडीची जागा मार्च 2024 मध्ये आयएनपीने घेतली, तरी जुन्या यादीवरून आलेला उमेदवार अजून एफआयडीच सांगतो. आयएनपी 200 मिलिसेकंदांच्या आत आणि एलसीपी (पानावरचा सर्वांत मोठा भाग दिसायला लागणारा वेळ) 2.5 सेकंदांच्या आत हवं, एवढं मात्र पाठच करा.

साइट तपासायला आठवडा जातो, पण उपप्रश्न आला की तोच कामी येतो. ओळखीच्या कुणाची तरी छोटी साइट घ्या, साइट गूगलमध्ये कशी दिसते ते दाखवणाऱ्या सर्च कन्सोलचा अ‍ॅक्सेस मागा. स्क्रीमिंग फ्रॉग या साइट तपासणाऱ्या प्रोग्रामच्या मोफत आवृत्तीत 500 यूआरएल क्रॉल होतात, म्हणजे एकेक करून वाचले जातात. छोट्या साइटला तेवढे पुरतात.

एक प्रश्न बघा: 'पान नोइंडेक्स केलंय, तरी गूगलमध्ये दिसतंय. का?' पाठांतरवाला नोइंडेक्सची व्याख्या (हे पान सर्चमध्ये दाखवू नका अशी सूचना) सांगून थांबतो. साइट तपासलेला आधी रोबोट्स डॉट टीएक्सटी, म्हणजे बॉटनी कुठे जायचं नाही ते सांगणारी फाइल, उघडतो. तिथे तेच पान डिसअलाऊ (मनाई केलेलं) असेल, तर गूगलबॉट, म्हणजे पानं वाचणारा गूगलचा प्रोग्राम, आत जातच नाही आणि त्याला नोइंडेक्स दिसतही नाही. बाहेरच्या लिंकांवरून यूआरएल मात्र गूगलच्या नोंदींत (इंडेक्समध्ये) राहू शकतो. उपाय उलटा वाटतो: आधी अडवणूक काढा, पुन्हा क्रॉल होऊ द्या.

हातात दोनच दिवस असतील तर यादी घ्या. आठवडा असेल तर साइटच, आणि सापडलेल्या तीन चुका कारणांसकट एका कागदावर लिहून न्या.