फुशिगी यूगी की जूनि कोकुकी: आधी कोणती बघायची?

चिनी पुराणकथांवर पोसलेलं एखादं जुनं अ‍ॅनिमे (जपानी अॅनिमेशन मालिका) बघावंसं वाटलं की दोन नावं हटकून पुढे येतात. १९९५-९६ मधली ५२ भागांची 'फुशिगी यूगी' आणि २००२-०३ मधली ४५ भागांची 'जूनि कोकुकी'. (या 'जूनि'चा अर्थ बारा, नाव आहे 'बारा राज्यांची बखर' अशा धर्तीचं. आपल्या 'जुनी'शी त्याचा संबंध नाही, मालिका मात्र आता जुनी झाली आहेच.) प्रत्येकीला वीसेक तास लागतात, तेव्हा दोन्ही एकदम सुरू करण्यात अर्थ नाही.

वरवर पाहता या सख्ख्या बहिणी. दोन्हींत जपानमधली शाळकरी मुलगी अचानक जुन्या चीनसारख्या दिसणाऱ्या मुलखात जाऊन पडते. दोन्ही स्टुडिओ पिएरोने केलेल्या. 'फुशिगी'मधला स्वतःच्या रूपावर भाळलेला सम्राट होतोहोरी आणि 'कोकुकी'मधला कधी न हसणारा केइकी, या दोघांना आवाजही एकाच नटाचा, ताकेहितो कोयासुचा. पण पाचेक भाग बघितलेत की कळतं, एकीला तुम्हाला रडवायचं-हसवायचं आहे आणि दुसरीला तुमच्याशी राज्यकारभारावर बोलायचं आहे.

'फुशिगी यूगी' यू वातासेच्या मांगावरून (जपानी चित्रकथेवरून) घेतलेली. मियाका आणि युई या दोन जिवलग मैत्रिणी, वय पंधरा, हायस्कूलच्या प्रवेश परीक्षेचं भूत मानगुटीवर. ग्रंथालयात त्यांना एक जुनं पुस्तक सापडतं आणि त्या पुस्तकातच ओढल्या जातात. आत चार राज्यं, चार दिशांचे चार देव. मियाका दक्षिणेच्या लाल पक्ष्याची, सुझाकुची, पुजारीण ठरते. युई पूर्वेच्या निळ्या ड्रॅगनची. मैत्रिणी वैरिणी होतात. मियाकाने आपले सात योद्धे गोळा केले की देव प्रकटणार आणि इच्छा पुरवणार. मधल्या काळात ती त्यांतल्या एकाच्या, तामाहोमेच्या, प्रेमात पडते आणि खाण्याचं नाव काढलं की सगळं विसरते. इकडे तोक्योत तिचा भाऊ तेच पुस्तक वाचत बसलेला असतो आणि बहिणीवर बेतलेले प्रसंग त्याला पानावर छापलेले दिसतात. मला ही कल्पना आजही फार आवडते.

आता या सात योद्ध्यांची गंमत, जी जपानी प्रेक्षकापेक्षाही मराठी प्रेक्षकाला जास्त कळायला हवी. चिनी आकाशात २८ नक्षत्रं, प्रत्येक दिशेच्या देवाकडे सात-सात. सुझाकुच्या वाट्याची सात नक्षत्रं हीच या योद्ध्यांची नावं. बौद्ध ग्रंथांबरोबर आपली नक्षत्रं चीनला पोचली तेव्हा दोन्हींच्या जोड्या लावल्या गेल्या, त्या अशा: चिचिरी म्हणजे पुनर्वसू, तामाहोमे पुष्य, नुरिको आश्लेषा, होतोहोरी मघा, चिरिको पूर्वा, तासुकी उत्तरा आणि मित्सुकाके हस्त. ओळ पुन्हा वाचा. ही आपली पावसाची नक्षत्रं आहेत, अगदी त्याच क्रमाने! गावाकडे पुनर्वसूच्या पावसाला तरणा म्हणतात आणि पुष्याच्या पावसाला म्हातारा. म्हणजे नव्वदच्या दशकातल्या मुली ज्याच्यावर जीव टाकत होत्या तो तामाहोमे आपल्या पंचांगात म्हातारा पाऊस निघाला. मित्सुकाके तर हस्त शोभतोच: अंगाने धिप्पाड, बोलायला मोजका, आणि वैद्य. मला हे उमगल्यावर मी ती मालिका पुन्हा पहिल्यापासून लावली होती.

पण खरं सांगायचं तर हे सगळं पुराण 'फुशिगी'त नेपथ्यापुरतं आहे. सुझाकुच्या जागी दुसरा कुठला देव ठेवला तरी कथा तशीच चालेल, कारण तिचा सगळा जीव दोन मैत्रिणींच्या आणि दोन प्रेमिकांच्या ताटातुटीत आहे. दोषही तिथलेच. एका वाक्यात मिटतील असे गैरसमज तीन-तीन भाग ताणले आहेत. ऐन शोकाच्या प्रसंगात पात्रं एकदम बुटकी, बटबटीत डोळ्यांची होऊन विनोद करतात. काहींना हे गोड वाटतं, काहींचा रसभंग होतो. आणि एक गोष्ट आधीच सांगायला हवी: मुलींवर अत्याचाराची टांगती तलवार हे कथानक पुढे ढकलायचं साधन म्हणून इथे वारंवार वापरलं आहे. घरातल्या बारा-तेरा वर्षांच्या मुलीबरोबर बघणार असाल तर आधी स्वतः बघा.

'जूनि कोकुकी'ला पुराण काढून घेतलं तर काहीच उरत नाही. फुयुमी ओनोच्या कादंबऱ्यांवरची ही मालिका एनएचके या जपानच्या सार्वजनिक वाहिनीवर लागली होती. जुन्या चिनी राजनीतीतली कल्पना अशी की राज्य करण्याचा आदेश स्वर्गाकडून येतो आणि राजा बिघडला की तो आदेश काढून घेतला जातो. ओनोबाईंनी विचारलं, हे खरोखरच तसं असतं तर?

बारा राज्यं. प्रत्येक राज्याला एक किरिन, म्हणजे चिनी कथांतला तो करुणामय प्राणी, ज्याला रक्ताचा वासही सोसत नाही. राजा कोण हे किरिनने ओळखायचं आणि त्याच्यापुढे माथा टेकवायचा. आपल्या कहाण्यांत हत्तिणीच्या सोंडेत माळ देऊन तिला गावातून फिरवतात आणि ती माळ घालेल तो राजा, तसंच हे. फरक एवढाच की हत्तीण माळ घालून मोकळी होते; किरिनचा जीव त्या राजाला बांधला जातो. राजा म्हातारा होत नाही, पण त्याने वाट सोडली की किरिन आजारी पडतो. तो गेला की राजाही जातो, आणि रिकाम्या सिंहासनाच्या राज्यात पूर, दुष्काळ आणि राक्षसी श्वापदं थैमान घालतात. 'राजा कालस्य कारणम्' हे आपण सुभाषितासारखं म्हणतो. इथे तो निसर्गनियम आहे. शिवाय या जगात मुलं आईच्या पोटी जन्मतच नाहीत, झाडाला फळासारखी लागतात. नवरा-बायकोने पांढऱ्या झाडाच्या फांदीला फीत बांधून मूल मागायचं. राजाचा मुलगा राजा होत नाही. घराणेशाही या शब्दाला तिथे जागाच नाही!

अशा जगात योको ही लाल केसांची, सगळ्यांच्या मर्जीने वागणारी, कुणालाच 'नाही' न म्हणणारी मुलगी येऊन पडते. पहिल्या भागातच केइकी तिच्या शाळेत येऊन पायांशी वाकतो आणि तिच्याकडून संमतीचा शब्द वदवून घेतो. आपण कशाला हो म्हटलं हे तिला बरेच दिवस कळत नाही. पुढचे काही भाग मात्र कठीण आहेत. जी बाई जेवू घालते तीच तिला विकायला काढते. आपल्याच देशाचा म्हातारा भेटतो आणि लुबाडून जातो. योको इतकी कडवट होते की तिला मदत करणाऱ्या राकुशुनलाही, म्हणजे अर्ध्या उंदराच्या रूपातल्या त्या सज्जन प्राण्यालाही, मारून टाकावं का असा विचार तिच्या मनाला शिवतो. नायिकेला इतकं खाली उतरवायचं धाडस आजच्या 'दुसऱ्या जगात गेलो आणि ताकदवान झालो' छापाच्या मालिकांत मला तरी दिसलेलं नाही.

बरेच जण इथेच कंटाळून सोडतात. नावांचाही गोंधळ उडतो: राज्याचं नाव वेगळं, राजाची पदवी वेगळी, किरिनला पुन्हा तिसरंच नाव. माझा उपाय साधा होता, वहीच्या शेवटच्या पानावर बारा चौकोन आखले. तीन-चार राज्यं भरली की डोकं चालायला लागतं. खरी मेजवानी २३व्या भागापासून: योको आता राणी आहे, पण दरबारातलं कुणी तिला मोजत नाही, म्हणून ती वेश बदलून स्वतःच्या प्रजेत राहायला जाते. या कथेच्या शेवटी ती जो पहिला हुकूम काढते तो मी सांगणार नाही. मी तो उठून उभा राहून ऐकला होता.

'कोकुकी'ची मोठी उणीव अशी की ती अपुरी आहे. ताइ राज्याचा छोटा काळा किरिन, ताइकी, याची गोष्ट उघडते आणि मालिका संपेपर्यंत मिटत नाही. कादंबऱ्यांत तिचा शेवट २०१९ मध्ये चार खंडांत आला, म्हणजे मालिका संपल्यावर सोळा वर्षांनी. 'फुशिगी' निदान ५२ भागांत आपली गोष्ट पुरी करते. त्यानंतरचे जोडभाग नाही बघितलेत तरी चालेल.

तिसरं नावही तुम्हाला कुणीतरी सुचवेलच: २००० साली आलेली 'साइयुकी'. चीनमधून भारताकडे निघालेल्या भिक्षूची जुनी कथा, पण इथला भिक्षू पिस्तूल बाळगतो, सिगारेट ओढतो आणि जीपमधून फिरतो. ज्याच्यावरून हा भिक्षू घेतला तो ह्युएनत्सांग सातव्या शतकात खरोखरच महाराष्ट्रात येऊन गेला होता आणि इथली माणसं उपकार विसरत नाहीत, अपमानही विसरत नाहीत, असं लिहून गेला. मालिका मजेची आहे, पण पहिली म्हणून नको.

मग आधी कोणती? दिवसभराच्या कामानंतर जेवताना एखादा भाग लावायचा असेल, गाणी-रुसवे-फुगवे चालत असतील आणि नव्वदच्या दशकातल्या चित्रांची ऊब हवी असेल, तर 'फुशिगी'. कादंबरी वाचताना मागची पानं उलटून बघायची सवय असेल तर सरळ 'कोकुकी'. दोन्ही बघायच्याच असतील तर 'फुशिगी' आधी ठेवा. उलटा क्रम लावलात तर मियाकाचं रडणं सोसवत नाही, हा स्वानुभव. आणि 'कोकुकी' कुठल्याही क्रमाने बघा, राकुशुन भेटेपर्यंत सोडू नका. तो पहिल्या दहा भागांतच भेटतो, पावसात, रस्त्याच्या कडेला.