कोकणातून स्वतःचे ॲप विकताना गुगल प्ले किती उपयोगी पडते?

आंबा बागायतदारांसाठी हिशेबाचे एक छोटे मराठी ॲप मी रत्नागिरीत राहून तयार करतो आणि ते गुगल प्लेवर विकतो. स्वतः लिहिलेले सॉफ्टवेअर विकून इथेच राहण्याचा विचार करणाऱ्या तरुणांसाठी हे परीक्षण, विक्रेत्याच्या बाजूने लिहिलेले आहे. माझे मत आधीच सांगतो. काही शे रुपये किमतीच्या मोबाइल ॲपसाठी गुगल प्लेइतकी सोयीची जागा सध्या नाही. मात्र ते दुकानाचा गल्ला उत्तम सांभाळते, गिऱ्हाईक आणून देण्याचे काम मात्र आपल्यालाच करावे लागते.

प्रवेशाचा खर्च कमी आहे. विकसक म्हणून नोंदणी करताना 25 डॉलर एकदाच भरावे लागतात, तर ॲपलकडे दरवर्षी 99 डॉलर मोजावे लागतात. आमच्याकडच्या बागायतदारांच्या हातात बहुतेक अँड्रॉइड फोनच असल्यामुळे निवड अवघड नव्हती. विक्रीतून गुगल जो वाटा घेते, तो जुलै 2021 पासून वर्षाच्या पहिल्या 10 लाख डॉलर उत्पन्नावर 15 टक्के आहे आणि आपल्यासारख्या एकट्या माणसाला त्यापुढचा दर पाहण्याची वेळ सहसा येणार नाही. ही सवलत आपोआप मिळते असे मात्र समजू नये. आपल्या खात्यांचा गट नोंदवून तिच्यासाठी नाव द्यावे लागते आणि हे काम पहिली विक्री होण्यापूर्वीच उरकावे. करांचा भाग बाजूला ठेवला, तर 500 रुपयांच्या विक्रीत 75 रुपये जातात आणि 425 उरतात. त्या 75 रुपयांत यूपीआय, कार्ड, परतावा, ॲप फोनवर पोहोचवणे आणि नवी आवृत्ती प्रत्येकाकडे पाठवणे हे सारे येते. परतावा मागण्यासाठी ग्राहकाला खरेदीनंतर 48 तास असतात आणि त्या मुदतीतली मागणी गुगलच हाताळते. ज्याने कधी स्वतः पैसे घेऊन परवान्याचे क्रमांक व्हॉट्सॲपवर पाठवले आहेत, त्याला या सेवेची किंमत पटवून द्यावी लागणार नाही. आणखी एक गोष्ट इथे अनेकांना ठाऊक नसते. ॲपमधून आंब्याची पेटी किंवा तारकर्लीतल्या घरगुती निवासाची खोली विकली, तर त्या रकमेवर गुगलचा वाटा लागत नाही. तो फक्त डिजिटल वस्तूंवर लागतो.

किंमत कशी आकारावी, यावर सर्वांत जास्त विचार करावा, कारण आंब्याचा धंदा हंगामी आहे. बागायतदाराला पेट्या, डझन, मजुरी आणि वाशीच्या बाजारातून आलेल्या पट्टीतली (विक्रीच्या हिशेबातली) अडत-हमाली यांचा मेळ घालायची निकड मार्च ते मे या काळात असते आणि पावसाळ्यात तो ॲप क्वचितच उघडतो. अशा ग्राहकाकडून दरमहा पैसे घेणे मला योग्य वाटत नाही. वर्षाचे पैसे आपोआप कापले जाण्यालाही लोक बिचकतात. रिझर्व्ह बँकेच्या ऑक्टोबर 2021 पासूनच्या नियमांमुळे अशा वसुलीची आगाऊ सूचना ग्राहकाला जाते आणि ती वाचून बरेच जण तिथेच थांबू शकतात. गुगल प्लेवर आपोआप नूतनीकरण न होणारी, आधी पैसे भरण्याची योजना ठेवता येते आणि हंगामापुरते पैसे घेण्यासाठी मला तीच सर्वांत प्रामाणिक वाटते. एक इशारा मात्र लक्षात ठेवावा: एकदा मोफत म्हणून प्रसिद्ध केलेले ॲप नंतर सशुल्क करता येत नाही. पुढे कमाई करायची असेल, तर ॲप मोफत ठेवून आतील सुविधा विकाव्या लागतात.

नव्या विकसकाची खरी कसोटी चाचणीच्या अटीत आहे. 13 नोव्हेंबर 2023 नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्याला ॲप सर्वांसाठी खुले करण्यापूर्वी बंद चाचणी, म्हणजे निवडक माणसांपुरती चाचणी, घ्यावी लागते. सुरुवातीला त्यासाठी 20 माणसे लागत. डिसेंबर 2024 मध्ये ती संख्या 12 झाली, पण सलग 14 दिवस त्यांनी चाचणीत राहण्याची अट कायम आहे. मे महिन्यात पेट्या भरण्याच्या धांदलीत बारा बागायतदार गोळा होणार नाहीत, तेव्हा हे काम पावसाळ्यात करावे. पैसे देऊन भाड्याचे परीक्षक पुरवणाऱ्यांच्या नादी कोणी लागू नये, कारण बागेत रेंज नसताना नोंद हरवते की टिकते, हे बागेत उभा राहणारा माणूसच सांगू शकतो. संस्थेच्या नावाने खाते उघडल्यास ही अट लागत नाही, मात्र डी-यू-एन-एस क्रमांक, म्हणजे संस्थेची ओळख पटवणारा क्रमांक, घ्यावा लागतो. कमाई करणाऱ्या वैयक्तिक खात्याचा पूर्ण पत्ता ॲपच्या पानावर सर्वांना दिसतो, ही बाबही आधी विचारात घ्यावी. वाडीतल्या राहत्या घराचा पत्ता जगजाहीर करणे प्रत्येकाला, विशेषतः एकट्या राहणाऱ्या स्त्रियांना, मानवेलच असे नाही.

ग्राहक मिळवण्याच्या बाबतीत गुगल प्लेकडून फार अपेक्षा ठेवू नयेत. ॲपचे वर्णन आणि चित्रे मराठीत देण्याची सोय आहे आणि ती प्रत्येकाने वापरावी, पण देवगडचा बागायतदार शोधपेटीत शब्द टाकून नवे ॲप शोधत बसत नाही. तो शेजाऱ्याचे ऐकतो, सोसायटीत विचारतो आणि खत-औषधांच्या दुकानात बोलतो. त्या दुकानात लावलेल्या क्यूआर कोडचा उपयोग मला कोणत्याही जाहिरातीपेक्षा अधिक झाला आहे. जिथे मोजकेच ग्राहक आणि मोठी रक्कम असते, उदाहरणार्थ हॉटेलच्या संगणकावरचे बिलाचे सॉफ्टवेअर, तिथे गुगल प्लेचा विचार सोडून समोर बसून, रीतसर बिल देऊन विकावे.

देखभालीचा खर्चही किमतीत धरावा. अँड्रॉइडच्या नव्या आवृत्तीशी ॲप जुळवून घेण्याची मुदत साधारणपणे दरवर्षी 31 ऑगस्टला येते आणि ती चुकली, तर अद्ययावत आवृत्ती पाठवता येत नाही. 2025 मध्ये हा दिवस गणपतीच्या पाचव्या दिवशी आला होता. अर्ज केल्यास 1 नोव्हेंबरपर्यंत मुदतवाढ मिळते, तरीही जुलैमध्येच हे काम संपवावे, कारण वादळी पावसात वीज आणि इंटरनेट किती तास बंद राहतील, हे कोकणात कोणीही खात्रीने सांगू शकत नाही.