चिकन कुठलं घ्यायचं? चौकातलं, पॅकेटमधलं, अँटिबायोटिक-फ्री की गावरान

हे ठरवताना दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते, ती आधी सोडवू. एक म्हणजे कोंबड्यांना दिलेल्या अँटिबायोटिक औषधाचा मांसात उरलेला अंश. दुसरी म्हणजे कोंबडीच्या आतड्यातले साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर, ई. कोलाय असले जिवाणू, जे फार्मवर सतत औषधं मिळून मिळून रेझिस्टंट, म्हणजे त्या औषधांना दाद न देणारे होतात आणि कापताना मांसाला लागतात. अंश शिजवून जाईलच असं नाही. जिवाणू मात्र नीट शिजवलं की मरतात, रेझिस्टंट असले तरी मरतात, अँटिबायोटिकला दाद देत नाहीत म्हणून आचेलाही देत नाहीत असं नसतं.

चौकातल्या चिकन सेंटरवर डोळ्यासमोर कापून मिळतं आणि स्वस्त पडतं, म्हणून बहुतेकांचा भरवसा त्यावरच. पण ताजं म्हणजे स्वच्छ असं नाही ना. पिंजऱ्यावर पिंजरे, वरच्यांची घाण खालच्यांच्या अंगावर, मग कापून सगळ्या एकाच पिंपात, पिसं काढायला एकच मशीन आणि दिवसभर तोच लाकडी ठोकळा तीच सुरी, म्हणजे एका कोंबडीतले जिवाणू कितीतरी जणांच्या पिशवीत जातात. घ्यायचंच तर सकाळी दुकान उघडल्या उघडल्या घ्या आणि वाहत्या पाण्याचा नळ आहे का ते बघा.

पॅकेटमधलं चिल्ड किंवा फ्रोझन चिकनही बहुतेक वेळा तसल्याच ब्रॉयलरचं असतं, पाच-सहा आठवड्यांचा पक्षी. फायदा कापण्याच्या जागेचा आणि थंडाव्याचा. फ्रीझरमध्ये जिवाणू मरतात हा गैरसमज काढून टाका, वाढ थांबते एवढंच, त्यामुळे पाकीट कोमट हातात आलं तर सरळ परत करा.

आता अँटिबायोटिक-फ्री, इथे लेबल नीट वाचा कारण पैसे इथेच जास्त जातात. ‘रेसिड्यू-फ्री’ लिहिलं असेल तर अर्थ एवढाच की मांसात औषधाचा अंश सापडत नाही. पक्ष्याला आधी औषध दिलेलं असू शकतं, फक्त कापायच्या काही दिवस आधी बंद केलेलं, आणि तोवर आतड्यात रेझिस्टंट जिवाणू तयार झालेले असू शकतात. ‘अँटिबायोटिकशिवाय वाढवलेलं’ हा दावा वेगळा आणि जास्त मोलाचा, पण तो तपासतं कोण हे कंपनीला विचारा. मला हा मुद्दा फार महत्त्वाचा वाटतो, कारण २०१४ मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटने दिल्ली परिसरातले चिकनचे ७० नमुने तपासले तर ४० टक्क्यांमध्ये अँटिबायोटिकचे अंश निघाले होते. कोलिस्टिन हे अँटिबायोटिक, जे माणसांसाठी अगदी शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवतात, तेसुद्धा कोंबड्यांना वजन वाढावं म्हणून दिलं जायचं, २०१९ मध्ये सरकारने त्यावर बंदी घातली.

गावरान म्हटलं की लोक डोळे झाकून विश्वास ठेवतात. दारात फिरून वाढलेली असेल तर औषधं कमी पडलेली असण्याची शक्यता आहे खरी, पण साल्मोनेला तिच्यातही असू शकतो, आणि शहरात गावरान म्हणून मिळतं ते पुष्कळदा गिरिराज-वनराजसारखं सुधारित वाण शेडमध्ये वाढवलेलं असतं. ओळखीच्या घरातून मिळत असेल तरच जास्त पैसे द्या.

माझं मत विचाराल तर, परवडत असेल आणि खात्री पटत असेल तर औषधाशिवाय वाढवलेलं घ्या, कारण मागणी वाढली तरच फार्मवरचा वापर कमी होईल. बजेट आखडतं असेल तर स्वच्छ जागेचं चिल्ड पाकीट. घरात लहान बाळ, गरोदर बाई, म्हातारं माणूस किंवा केमो चालू असलेलं कोणी असेल तर चौकातलं शक्यतो टाळाच.

कुठलंही आणलं तरी नळाच्या धारेखाली धुवू नका, शिंतोडे ओट्यावर आणि शेजारच्या ताटल्यांवर उडतात. धुवायचंच तर भांड्यात पाणी घेऊन हलक्या हाताने, नंतर सिंक घासा, आणि चिकनच्या सुरीने कोशिंबिरीची काकडी अजिबात चिरू नका, कारण ती काकडी शिजणार नसते. तुकडा आतपर्यंत ७४ अंश सेल्सियस गरम व्हायला हवा, हाडाजवळ गुलाबी दिसलं तर अजून शिजवा.

आणि खाल्ल्यावर ताप, रक्ताचे जुलाब असं काही झालं तर कपाटातली उरलेली अँटिबायोटिकची गोळी घेऊ नका. डॉक्टरांकडे जा आणि स्टूल कल्चर, म्हणजे शौचातल्या जिवाणूंची तपासणी करायची का ते विचारा, म्हणजे कुठलं औषध लागू पडेल ते कळतं.