पहिली बाजू पुन्हा पुन्हा, दुसरी एकदाच

मी अंबड एमआयडीसीत पॉवर प्रेसवर असतो, त्यामुळे ब्लॅक सॅबथ या इंग्लिश हेवी मेटल बँडचं नाव निघालं की मला आधी त्यांचा गिटारवाला टोनी आयोमी, त्याची बोटं आठवतात. बर्मिंगहॅमचा शीट मेटल कारखाना, वय १७, नोकरीचा शेवटचा दिवस, आणि उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं मशीनमध्ये गेली. पठ्ठ्या डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच. प्लॅस्टिकची बाटली वितळवून त्यानं बोटांना टोप्या केल्या, वर चामडं चिकटवलं, हलक्या तारा चढवल्या आणि पुन्हा वाजवायला बसला. आमच्या प्रेसचा रॅम, म्हणजे वरून खाली येऊन पत्रा दाबणारा भाग, आता दोन्ही हातांनी बटणं दाबल्याशिवाय खाली येत नाही. असो.

या बँडचा पहिला अल्बम, नाव बँडचंच, १३ फेब्रुवारी १९७० ला इंग्लंडात आला. आधीच्या ऑक्टोबरात लंडनमध्ये जवळपास सगळा एका दिवसात, चौघांनी एकत्र वाजवून रेकॉर्ड केलेला. घासूनपुसून चकाचक केलेलं काही नाही, आणि तेच बरं झालं.

पहिल्या गाण्यात पाऊस, गडगडाट, चर्चची घंटा, आणि मग गिटारचे तीन स्वर: सा, वरचा सा, तिथून खाली तीव्र मध्यम. यमन कानावर पडत आलेल्यांना हा मध्यम ओळखीचा, पण तिथे त्याला गंधार-पंचमाची सोबत असते. इथे आयोमी त्याला एकटाच थरथरत ठेवतो, कुठे पोचूच देत नाही. काटा येतो तो त्यानं, घंटेनं नाही. ओझी ऑस्बॉर्नचा आवाज अजून कोवळा, पल्ला फारसा नाही. पण इथे खरोखर घाबरलेला माणूस ऐकू येतो. शेवटाकडे लय एकदम पळत सुटते तेव्हा आवाज वाढवावाच लागतो.

बिल वॉर्डच्या ड्रम्सबद्दल लोक कमी बोलतात. ढोल ठोका धरून असतो आणि ताशा मधल्या जागा भरत सुटतो, तसा हा रिफच्या, म्हणजे गिटारच्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या तुकड्याच्या, अवतीभवती वाजवतो. जॅझचा कान आहे त्याला. 'बिहाइंड द वॉल ऑफ स्लीप'मध्ये नीट ऐका, चाल कशी झुलते ते. आजच्या बऱ्याच मेटलमध्ये दोन्ही पायांनी बास ड्रम बडवायची कवायत असते, हे झुलणं नसतं.

'द विझर्ड'मध्ये ओझीचा माऊथ ऑर्गन आहे, मजेदार. 'एन.आय.बी.'च्या आधी गीझर बटलरचा एकट्या बास गिटारचा तुकडा येतो, तो मोबाइलच्या स्पीकरवर ऐकणार असाल तर ऐकूच नका.

आमच्या ग्रुपमधली पोरं सांगतात, बोटं गेली म्हणून तारा सैल करून खालच्या स्वरात लावल्या आणि त्यातून हा जड आवाज आला. ते तिसऱ्या अल्बमचं, १९७१ चं. इथे ट्यूनिंग नेहमीचंच आहे. जडपणा येतो तो संथ चालीतून, आणि गिटारच्या रिफला बासनं खालून धरून ठेवल्यामुळे.

रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूला मात्र माल संपलेला दिसतो. 'ईव्हिल वुमन' हे क्रो या अमेरिकी बँडचं गाणं. सिंगल, म्हणजे सुटं गाणं म्हणून काढलं होतं आणि तसंच वाटतं, सपाट. 'स्लीपिंग व्हिलेज' छान उभं राहतं, पण त्याला चिकटून 'वॉर्निंग' येतं. तेही दुसऱ्यांचंच, दहा मिनिटांहून लांब. मधे आयोमी एकटाच भटकतो, एक कल्पना अर्धी टाकून दुसरी उचलतो. क्लबात रात्री उशिरा हे चालत असेल. दुसरी पाळी संपवून पाथर्डी फाट्याकडे निघालेल्या माणसाचा धीर सुटतो. गाणं परत येतं तेव्हा जोर आहे, पण तोवर मी बहुधा 'एन.आय.बी.'वर परत गेलेलो असतो.

अमेरिकी आवृत्तीत 'ईव्हिल वुमन'च्या जागी 'विकेड वर्ल्ड' आहे. स्वतःचं गाणं, जास्त चपळ, वॉर्ड तिथेही फॉर्मात. नंतरच्या काही सीडींवर दोन्ही आहेत. निवडायचीच झाली तर अमेरिकी घ्या.